एक हात मागे

मुलांनो,

भूतखेत, संकेत असल्या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत इंग्रजी शिकवताना मुलांच्या असल्या कथा मी अर्ध्यावर थांबवायचे. म्हणून हे लिहायला मलाच जड जातंय... पण अर्णव, तू फोनवर सारखं विचारतोस, तेव्हा एकदा सरळ लिहून टाकते.

जागा आपल्या सारंगखेड्याच्या घराची मागची पडवी, आबांचं रेडिओ दुरुस्तीचं टेबल. तू कॅनडाहून पाठवलेलं गिटार अ‍ॅम्प्लिफायरचं किट त्यांनी इथेच जोडायला घेतलं. जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्हच हवेत, हा तुम्हा आजोबा-नातवाचा हट्ट. मी मॅन्युअल वाचून मराठीत सांगायचे, ते तारांना कथलाचे डाग द्यायचे. त्यांचा एक नियम होता – उघड्या सेटमध्ये उजवा हात घातला की डावा पाठीमागे. मी वाकून बघू लागले की माझंही डावं मनगट धरून मागे न्यायचे. "एक हात मांगे, मास्तरीणबाई." मला राग यायचा.

थोडेच डाग राहिले होते, आणि आबा गेले.

त्यानंतर घरातलं कुठलंच काम पुरं करावंसं वाटेना. त्यातच डावा खांदा धरला, अंबाडा बांधायला हात मागे जाईना. पण तू यात्रेला गिटार घेऊन येणार म्हणालास... आबांचा अर्धवट डबा तुझ्या हातात कसा देऊ? दुपारी जमेल तसे उरलेले डाग मीच दिले.

शेवटी एका दुपारी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तांबूस उजळले, स्पीकर मात्र गप्प. तेवढ्यात लाईट गेली. वाटलं, बरं झालं, आता करंट नाही. आत एक तार सुटलेली दिसत होती. उजव्या हातात चिमटा घेतला आणि डबा धरायला डावा हात पुढे केला.

हात पुढे गेलाच नाही. मनगट कुणीतरी धरलं आणि सावकाश पाठीमागे नेलं. ओढलं नाही – नेलं. अंगठा नाडीवर, नेहमीच्या जागी. मी इतकी थकलेली होते की घाबरलेही नाही. चिमटा आत लागला, पत्र्यावर घसरला आणि फटाक्यासारखा आवाज झाला. त्याचं टोक वितळलं.

माझी धाकटी जाऊ सुमन चहा घेऊन दारात उभी होती.

"हाई काय, ताई? अंबाडा बांधाले हात मांगे जास नई म्हणतस, रोज मन्हाकडथून बांधी लेतस. नि आते?"

"कोणी धरलाय का बघ गं."

"कोन धरी? मी तं आठे उभी शे." मग तिने कप खाली ठेवला. "आबास्ना मायेक बठेल शेतस, ताई."

आबांसारखी बसलेय, हे तिच्या तोंडून ऐकलं आणि मनगट सुटलं. हात मांडीवर आणताना खांद्यातून कळ आली.

तू नंतर समजावलंस – लाईट गेली तरी कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. डावा हात पत्र्यावर असता, तर करंट छातीतून गेला असता. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडला म्हणून हात पुढे गेला नसेल. पण आखडलेला खांदा तर हात मागे जाऊच देत नाही. आजही अंबाडा सुमनच बांधते. मी खूप विचार केला... आता करत नाही.

ती सुटलेली तार नंतर जोडली; अ‍ॅम्प्लिफायर चालू झालाय, मंद गुणगुणतो. गिटार घेऊन ये. झाकण उघडायचं असेल तर आधी मला हाक मार. तुझा डावा हात मी धरून ठेवीन.

– आजी