सिंकमधला भात

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. लिहायला बसलो की दुसरंच काहीतरी लिहून उठायचो. गोष्ट आमच्या पुलगावच्या घरातलं सिंक तुंबलं त्याची. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, अशी स्वतःची समजूत काढणं सोपं होतं.

मला खर्र्याची सवय होती. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला हा खर्रा आमच्याकडे कुठल्याही पानठेल्यावर मिळतो. तोंड पुरतं उघडेना, तेव्हा डॉक्टरांनी तो बंद करायला सांगितला. बायकोने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. मी घेतली, आणि काही दिवसांतच मोडली. दुपारी ती झोपली की मी स्वयंपाकघरात खर्रा खायचो, सिंकमध्ये थुंकायचो आणि वरून नळ सोडायचो. अंगणात थुंकलो असतो तर डाग दिसले असते. तिची चाहूल लागली की सिंकच्या भोकावरची जाळी उचलून पन्नीही आत ढकलायचो.

एक दिवस सिंक तुंबलं. खरकटं पाणी वर येऊन ओट्यावर पसरलं. मी बायकोवरच ओरडलो, की ताटातला भात तू तसाच आत लोटतेस. माहेरी आलेली मुलगी हसून म्हणाली, “काऊन व आई, सिंकात धान पेरलं का?” बायकोही हसली. जाळी लावल्याशिवाय तिने कधी भांडं घासलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

दोघी बाजारात गेल्यावर मी खाली बादली ठेवली आणि सिंकखालच्या पाइपची, गाळ साठतो ती प्लास्टिकची बाटली फिरवून काढली. काळ्या पाण्याबरोबर सुपारीचा चिकट लगदा पडला, त्यात चुरगळलेल्या पन्न्या. भाताचं एक शीतही नव्हतं. सगळं कागदात गुंडाळून लांब टाकून आलो. त्या परत आल्यावर सांगितलं, भातच निघाला.

बायकोने बाजाराची पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, “माह्याच हातून गेलं असन. आता भांडे मांगं नळावरच घासत जाईन.”

तेव्हापासून ती मागच्या अंगणात बसून भांडी घासू लागली. गुडघे धरलेले, उठताना भिंतीचा आधार लागायचा. थंडीत बोटं आखडायची. आत सिंक मोकळं आणि कोरडं पडून असायचं. मी आत घास म्हटलं की ती म्हणायची, पुन्हा तुंबलं तर तुम्हालाच त्रास. तिथेच बोलायला हवं होतं. पण शपथ तिच्या डोक्यावरची होती. मोडली असं सांगणं म्हणजे तिच्या जिवावर उठलो असं सांगणं, आणि ती हे मानणारी होती. मी मानत नाही, असं तेव्हा म्हणायचो.

मग ती आजारी पडली आणि दवाखान्यातून परतलीच नाही. शेवटच्या दिवसांत एकदा तिने विचारलं, घरी भांडी कोण घासतं. मी म्हणालो, मीच.

“सिंकमधी नका घासजा,” ती म्हणाली. “तुंबते.”

मी हो म्हणालो. वाक्य जुळवून गेलो होतो, ते तसंच परत घेऊन आलो: तो भात तुझा नव्हता, खर्रा माझा होता. तुझ्या डोक्यावर हात ठेवून मी खोटं बोललो. मला माफ कर.