नोकरीची सोयरीक

दुसऱ्याच्या पोटातला होकार ओठावर आणण्यात माझ्या फुफाजींची बरोबरी करील असा माणूस गोंदियापासून देवरीपर्यंत तेव्हा नव्हता आणि पुढे झाल्याचंही माझ्या ऐकिवात नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला फुफाजी म्हणतात. हे फुफाजी उंचीला बेताचे, आवाजाला मात्र चांगले धिप्पाड. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात गळाबंद कोट, कमरेला सुपारीची चंची आणि हातात छत्री. ही छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही, पावसातसुद्धा नाही. तिचा उपयोग बोलता बोलता जमिनीवर ठोकण्यापुरताच होता. एके काळी ते एका मालगुजाराचे, म्हणजे जमीनदाराचे, दिवाणजी होते. पण पंचक्रोशीत त्यांचा खरा मान होता तो सोयरीक जमवणारा माणूस म्हणून. बिरसीजवळच्या त्यांच्या गावात निम्मे संसार त्यांनी मांडून दिलेले होते, आणि त्या संसारांतली भांडणं मिटवायलाही त्यांनाच जावं लागे.

पोरगी पाहून आल्यावर तिच्या बापाचं मन ओळखणं हे त्यांचं शास्त्र होतं. बाप ‘पाहू’ म्हणाला तर त्याच्या हाताशी दुसरं स्थळ आहे. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाला तर होकार आहे, फक्त त्याला जरा मिरवायचं आहे. आणि नुसत्या चहाच्या जागी चहाबरोबर चिवडा आला, तर पोरीत काहीतरी खोट आहे, हे त्यांनी पक्कं धरलेलं. इथवर सगळं ठीक होतं. पंचाईत अशी झाली, की गावातली पोरं मॅट्रिक होऊ लागली, नोकऱ्यांच्या मुलाखतींना जाऊ लागली, आणि मुलाखत देऊन आलेलं पोरगं ओसरीवर ‘कळवतो म्हणाले’ असं सांगत बसलं की फुफाजींना ते पटायचं नाही. त्यांच्या हिशेबी नोकरी म्हणजे पोरगी, मालक म्हणजे पोरीचा बाप, आणि पोरगी पाहून आल्यावर उत्तर आणायला कुणी गेलंच नाही तर तो बाप काय आपल्या पायांनी येणार आहे होय? “पोट्टं पाहून आलं, आता घरी बसून राहिलं,” ते छत्री ठोकत म्हणायचे. “काऊन? लाज वाटते इचाराची? मंग मी कायले आहो?”

आणि ते खरंच जायचे. कुणाचंही पोरगं असो, नात्यातलं असो की गोवारी-गोंडाचं असो, मुलाखतीनंतर मधे एक आठवडी बाजार जाऊ द्यायचा आणि मग निघायचं, हा त्यांचा नियम होता. त्याच्या आधी गेलं तर माणूस गरजू दिसतो, नंतर गेलं तर पोरगी दुसऱ्याला दिलेली असते. एका खेड्यातल्या शाळेत मास्तरकीची जागा होती, तिथे ते पोराला घेऊन असेच विचारपूस करायला गेले. हेडमास्तरांनी चहाबरोबर चिवडा पुढे केला. फुफाजींनी चहा पिऊन घेतला, चिवड्याची बशी बोटानं मागे सारली आणि उमेदवाराला बखोटीला धरून परत आणलं. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढे कळलं की त्या शाळेवरचं छप्पर मागच्या वादळात उडालं होतं आणि मुलांना आंब्याखाली शिकवायचं होतं.

रस्त्याच्या कामावर मुकादम घ्यायचा होता, तेव्हाची गोष्ट तर गावात अजून सांगतात. ओव्हरसियर साहेब फुफाजींना पाहिलं की दौऱ्यावर जायचे. आज सालेकसा, उद्या आमगाव. शेवटी जत्रेच्या दिवसांत साहेब सहकुटुंब कचारगडला, गोंडांच्या देवाच्या गुहेला, गेल्याची खबर लागली. फुफाजीही पोचले. साहेब गुहेत दर्शनाला गेलेले होते. फुफाजी आत शिरले नाहीत. खाली उतरायची पायवाट एकच होती, तिच्या तोंडाशी एक दगड पाहून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्या गोंड भाविकांना सेवा जोहार करत राहिले. साहेब बाहेर आले, फुफाजींना पाहून परत आत गेले, आणि दुसऱ्यांदा बाहेर आले ते होकार घेऊनच. “देवाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही,” असा निष्कर्ष फुफाजींनी काढला. साहेबांच्या बायकोला भूक लागली होती, हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं नव्हतं.

ज्या वर्षी आम्ही मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलो, म्हणजे आम्ही जागेवरच होतो, राज्य तेवढं हललं, त्या वर्षी सरकारी कचेऱ्यांत जो तो त्या सबबीमागे लपत होता. एका बाबूनं फुफाजींना सांगितलं की कागद नागपूरला होते, ते आता मुंबईला गेलेत, तिकडून आले की कळवू. फुफाजी म्हणाले, “कागद गेले मुंबईले. पण साहेब तं इथंच बसून राहिले न? पोट्टं साहेबानं पाहिलं का कागदानं?” बाबू पाणी प्यायला म्हणून उठून गेला. फुफाजी त्याच्याच खुर्चीवर बसून राहिले, आणि आल्यागेल्याला ‘साहेब येतीनच आता’ असं सांगत कचेरी सांभाळू लागले.

अशा माणसाच्या घरी मी मॅट्रिक होऊन राहायला आलो. माझं गाव देवरीच्या पलीकडे, जंगलात. वडील नव्हते. थोरला भाऊ ठेकेदाराच्या हाताखाली बांबूच्या कुपावर, म्हणजे जंगलातल्या तोडीवर, गेला होता आणि हिवतापानं अर्धा होऊन परतला होता. त्याची जागा ठेकेदारानं माझ्यासाठी राखून ठेवली होती. माघ लागेपर्यंत गोंदियात काही जमलं नाही तर मी कुपावर जायचं, असं आईनं आणि मी डोळ्यांत पाणी आणून ठरवलेलं होतं. मला त्या जंगलाची भीती वाटत होती. भाऊ थंडीनं कुडकुडताना त्याची खाट वाजायची, तो आवाज माझ्या कानात बसला होता.

दिवाळी झाली, धान निघालं, आणि गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये धान तोलायच्या काट्यावर कारकून हवा असल्याचं कळलं. मी गेलो. सेठनं चार हिशेब तोंडी घातले, हिंदी वाचून घेतलं, आणि “अच्छा, देखेंगे” म्हणून मला वाटेला लावलं. घरी आलो तर फुफाजी ओसरीवर वाटच पाहत होते.

“मालकानं काय इचारलं ते राहू दे, बापू. तू उठताना काय झालं ते सांग. तो उठला काय?”

“नाही, बसूनच होते.”

“चष्मा?”

“काढून पुसला.”

“पुसला!” फुफाजींनी मांडीवर थाप मारली. “मंग अर्धं काम झालं. नाई म्हणायचं असन तं माणूस चष्मा घालूनच म्हणते. पुसला म्हणजे इचार करून राहिला.”

मधे एक बाजार गेला आणि आम्ही दोघं निघालो. लढाईच्या वेळी बांधलेली बिरसीची विमानपट्टी तेव्हा ओसाड होती. तिच्यावरून आडवं गेलं की गोंदियाची वाट सोपी पडे. त्या पट्टीवरून फुफाजी असे ताठ चालले होते, की विमान आलंच असतं तर त्यालाच थांबावं लागलं असतं. मिलमध्ये सेठ टेलिफोनवर होते. फुफाजी गादीच्या कडेला टेकले. त्यांनी चंची सोडली, अडकित्त्यानं सुपारी फोडली, एक खांड आपल्या तोंडात टाकलं आणि बाकीची हातावर घेऊन सेठपुढे धरली. सेठ टेलिफोनमध्ये “हाँ हाँ, पक्का, बिलकुल पक्का” म्हणत होते. त्यांनी न पाहताच सुपारी उचलली आणि तोंडात टाकली. फुफाजी ताडकन उभे राहिले. त्यांनी सेठला हात जोडले, काट्यापाशी धानाच्या गाड्या घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनाही जोडले, आणि मला दंड धरून बाहेर आणलं. “जमलं,” ते म्हणाले. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी सुपारी खाल्ली की बोलणं मोडत नाही. पण सेठ राजस्थानकडचे होते, त्यांना जेवणानंतर सुपारी लागायची, एवढंच त्या सुपारीबद्दल त्यांना ठाऊक होतं. मी हे फुफाजींना सांगून पाहिलं. “खाल्ली का नाई खाल्ली?” ते म्हणाले.

गावात बातमी आमच्याआधी पोचली. आत्यानं गूळ वाटला. बसच्या ड्रायव्हरबरोबर देवरीमार्गे आईकडे निरोप गेला. आणि सोमवारी सकाळी मी मिलवर निघालो तो एकटा नव्हे. धुतलेल्या बैलांची दमणी, तीत मी कपाळाला कुंकू लावून बसलेलो, शेजारी नारळ घेऊन फुफाजी, मागे गावचे दोघं जाणते शेजारी. वाजंत्री तेवढी नव्हती.

सेठनं आम्हाला पाहिलं आणि विचारलं, “कौन हो भाई? क्या लाये हो?”

त्यांना वाटलं आम्ही धान आणलंय. मुनीम हळूच म्हणाले की काट्यावरची जागा तर भरली, सेठजींच्या जावयाचा भाऊ राजनांदगावहून यायचा आहे. मला डोळ्यांपुढे बांबूचं कूप दिसलं आणि आईला गेलेला निरोप आठवला.

फुफाजींनी नारळ खाली ठेवला. छत्री ठोकली. “सेठजी, सुपारी खाल्ली का नाई तुम्ही?”

“सुपारी? सुपारी तो मैं रोज खाता हूँ.”

“माह्या हातची खाल्ली का नाई? अन् पक्का म्हणले का नाई?”

एव्हाना गाड्यांवरचे शेतकरी जवळ आले होते. मुनीम इथलेच. त्यांनी सेठच्या कानाशी लागून त्या सुपारीचा अर्थ सांगितला. सेठ आधी हसले, पोट धरून हसले. पण बाकी कुणी हसेना. एक म्हातारा गाडीवान शांतपणे म्हणाला, “सुपारी खाऊन फिरते तो माणूस धानाच्या भावाले काय टिकन?” आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. सेठचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा घालून फुफाजींकडे नीट पाहिलं, मग गाड्यांकडे, मग पुन्हा फुफाजींकडे. धंदेवाईक माणूस होता तो. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मलासुद्धा दिसत होतं.

“काकाजी,” ते म्हणाले, “जगह एक ही है, जमाई के भाई को मैं समझा लूँगा. पर इस लड़के को तो सब सिखाना पड़ेगा. आप खुद आ जाओ ना. गाँव-गाँव जाओ, किसानों से बात पक्की करो. आपकी बात सब मानते हैं. कल से आ जाओ.”

फुफाजींनी छत्री उचलली, पण ठोकली नाही. मालगुजारी कायद्यानं गेली त्या वर्षी त्यांची दिवाणजीगिरी गेली होती. तेव्हापासून कोट रोज चढवला जायचा, पण जायचं कुठे हे ठरलेलं नसायचं. सोयरिकी जमवून पोट भरत नाही. घर चाललं होतं ते शेतातल्या दोन बांध्यांच्या धानावर आणि आत्या दिवसभर वळायची त्या बिड्यांवर. हे मला माहीत होतं, सोबतच्या शेजाऱ्यांना माहीत होतं. मला त्या क्षणी मनापासून वाटलं की त्यांनी हो म्हणावं, आणि तितक्याच मनापासून वाटलं की म्हणू नये.

त्यांनी रुमाल सारखा केला. “नाई, सेठजी,” ते म्हणाले. “मी पोट्ट्यासाठी बोलाले आलो. बोलणी कराले गेलेल्यानं आपल्याच डोक्याले बाशिंग बांधलं तं गावात तोंड दाखवता येईन काय?”

सेठनं मान हलवली आणि मुनिमाला सांगून मला काट्यावर उभं केलं. तिथे मी पुढे किती वर्षं काढली त्याची ही गोष्ट नव्हे. फुफाजी तेवढा वेळ त्या म्हाताऱ्या गाडीवानाशी त्याच्या नातीच्या स्थळाबद्दल बोलत बसले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर ते पाय धुवायला मागे गेले. आत्या ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. मला राहवेना. मी तिला सेठ काय म्हणाले ते सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत, वळण्याचा वेग तेवढा कमी झाला.

“त्यायनं नाईच म्हणलं असन,” ती म्हणाली.

“हो.”

तिनं वळलेल्या बिडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला आणि बिडी सुपात ठेवली. “पण शोभलं असतं त्यायले,” ती म्हणाली. “बाशिंग.”

आतून हुंदका आला तो मी खोकल्यासारखा केला. आणि मागच्या अंगणातून फुफाजींचा तो धिप्पाड आवाज येत होता. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला ते सांगत होते, “लागलं बाप्पा, पोट्टं लागलं! आता रोज सकाळी जायचं ठिकाण झालं त्याले!”