इस्त्रीबाई आणि ‘ॲडजस्ट’

हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखाना आहे. तिथे चादरींच्या घड्या घालणाऱ्या एका बाईला सगळे इस्त्रीबाई म्हणतात. इस्त्री ती करतच नाही, ते काम पलीकडच्या मशीनचं. नाव पडलं ते स्वभावावरून. तापायला हिला वेळ लागत नाही आणि एकदा अंगावरून फिरली की समोरच्याची सुरकुती शिल्लक राहत नाही. कुणी पाठीमागे हे नाव घेतलं तर ती मागे वळून सांगते, “मोठ्यानं म्हण की! शिवी आहे का ती?”

या बाईचं एका इंग्रजी शब्दाशी जुनं वैर. शब्द साधाच, शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही येतो. ॲडजस्ट.

ती वाढली मामाकडे. झोपायची जागा म्हणजे कपाट आणि दार यांच्यामधली फट. कुणी पाणी प्यायला उठलं की दार हिच्या डोक्यात. मामी म्हणायची, “जरा ॲडजस्ट कर ग पोरी.” शाळा सुटली तेव्हाही मामीचा तोच शब्द, लग्न होऊन आली तर सासूकडेही तोच वाट पाहत बसलेला. नवरा बिचारा भला माणूस, पण त्यानंही एकदा जेवताना सहज म्हटलं, “घर म्हटलं की थोडं ॲडजस्ट करावं लागतं.” हिनं ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, “बरं, तुम्ही या आठवड्यात काय काय ॲडजस्ट केलंत?” तो घास हातात धरून आठवत बसला. तेव्हापासून त्यांच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. मुलंसुद्धा “सरकून घे” म्हणतात.

वाचायला ती आपली आपण शिकली, आधी दुकानांच्या पाट्यांवरून, मग युनियनच्या पत्रकांवरून. पण या शब्दाचा खरा अर्थ तिला पुस्तकात नाही, ड्रायरपाशी कळला. पट्टा करकरत होता म्हणून मेकॅनिक आला आणि म्हणाला, “ॲडजस्ट करतो.” बाई कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. त्यानं पान्यानं एका बाजूचा बोल्ट सैल केला, दुसऱ्या बाजूचा आवळला, मशीन चालवून कान लावला, परत पहिल्याकडे आला. आवाज थांबेपर्यंत त्याचा हा फेरा चालू होता.

“असं असतं होय हे?” बाई म्हणाली. “दोन्हीकडून हलवायचं?”

“मग? एकाच बाजूनं आवळत गेलो तर पट्टा तुटेल की, बाई.”

“आम्हाला आजवर एकाच बाजूनं आवळलंय. तुझा शब्द चोरीला गेलाय बघ.”

मेकॅनिकला काही कळलं नाही. तो पाना पुसत निघून गेला.

या बाईची घड्यांची जोडीदारीण म्हणजे मावशी. वयानं मोठी, मऊ आवाजाची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पेन्शनला दोनच वर्षं उरली होती. दोघी समोरासमोर उभ्या राहत, चादरीची चार टोकं चार हातांत. ओढायचं, झटकायचं, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावून परत मागे जायचं. बोलायची गरज नसे. मावशीनं डावीकडून हलकासा हिसका दिला की इस्त्रीबाईला कळे, चादरीला डाग राहिलाय, बाजूला टाकायची. मावशीचा गुडघा दुखत असला तर तेही हिला चादरीतूनच कळायचं.

एका सोमवारी मॅनेजर खाली आला. माणूस नवा, बूट चकचकीत.

“घड्या उद्यापासून एकानंच घालायच्या,” तो म्हणाला. “मावशींना महिनाअखेर मोकळं करतोय. तोवर त्या जिने पुसतील. आठवडाभर बघू, एका माणसात काम निघालं की विषय संपला. बाई, तुम्ही जरा ॲडजस्ट करून घ्या.”

इस्त्रीबाईचे कान तापले. पण ती तोंड उघडायच्या आत मावशीच म्हणाली, “करते साहेब. जिने तर जिने.”

मॅनेजर गेल्यावर हिनं मावशीला धरलं. “तुझी जीभ कुणी भाड्यानं घेतलीय का ग?”

“जाऊ दे ना. तुझ्यावर कशाला बालंट? मी घेईन ॲडजस्ट करून.”

“तू घेशील, मग मी घेईन, मग ती मशीनवरची घेईल. शेवटी हा माणूस एका बाईत अख्खं तळघर कोंबेल. तू फक्त जिने पूस, आणि नीट पूस. बाकी माझ्यावर सोड.”

बाकीच्या बायका घाबरल्या होत्या. धुलाईच्या मशीनवरची म्हणाली, “भांडणार आहेस का?”

“छे! साहेबांचं ऐकणार आहे. अगदी अक्षरशः.”

याच मॅनेजरनं आल्या आल्या सगळ्यांना एका रांगेत उभं करून दम दिला होता: जमिनीला लागलेली चादर परत धुवायची, कारणं सांगायची नाहीत. नियम चांगलाच होता. पण एकट्या माणसानं एवढ्या लांबीच्या चादरीची घडी घालायची तर खालचं टोक जमिनीला लागणारच. हात काही गुडघ्याखाली उगवत नाहीत. कुणी आजारी पडून एकटीवर वेळ आली की बायका ते टोक झटकून गुपचूप घडीत लपवत. त्यालाच तिथे ॲडजस्ट म्हणायचे.

मंगळवारी इस्त्रीबाईनं लपवणं बंद केलं.

आधी तिनं ऑपरेशनच्या खोल्यांचे आणि लहान मुलांच्या वॉर्डाचे कपडे मशीनवरचीला मदतीला घेऊन वर पाठवले. आजारी पोरांशी तिचं भांडण नव्हतं. मग ती एकटी मोठ्या चादरींना लागली. चादर उचलायची, टोक जमिनीला लागायचं, चादर परत धुलाईत. दुसरी उचलायची, तीही परत. ना आदळआपट, ना घोषणा. तोंडानं गुणगुणत होती म्हणे. दुपारपर्यंत मशीनसमोर परत आलेल्या चादरींचा डोंगर आणि वर पाठवायच्या ट्रॉलीचा तळ दिसायला लागला.

मॅनेजर धावत आला. “हे काय चाललंय?”

“तुम्ही सांगितलंत तेच, साहेब. जमिनीला लागली की परत.”

“अहो, पण जरा डोकं वापरा! इतके दिवस कसं चालायचं?”

“इतके दिवस मावशी होती.”

एवढ्यात पुरुषांच्या वॉर्डातली सिस्टर जिना उतरून आली. चेहरा लालबुंद. “माझे पेशंट उघड्या गाद्यांवर बसलेत. चादरी कुठे आहेत?”

मॅनेजरनं हसून हात जोडले. “सिस्टर, आजचा दिवस जरा ॲडजस्ट करा.”

झालं. सिस्टर जी सुटली! “मी करू? रात्रीची नर्स कमी केलीत, मी केलं. व्हीलचेअर मोडली, मी केलं. आता पेशंटला काय सांगू, हवेवर झोपा? चला वर माझ्याबरोबर, तुम्हीच सांगा त्यांना. तुम्ही करा एकदा!”

बायकांनी माना खाली घातल्या, कारण हसू आवरत नव्हतं. इस्त्रीबाई मात्र हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, “सिस्टर, मावशीला माझ्यासमोर उभं करा, पहिली ट्रॉली तुमची. साहेबांनी आत्ता तुमच्यासमोर सांगावं, मावशी कायम इथेच.”

मॅनेजरनं सिस्टरकडे पाहिलं, चादरींच्या डोंगराकडे पाहिलं. “ठीक आहे. उद्यापासून दोघी.”

“आत्तापासून. आणि महिनाअखेरचं?”

“नाही काढत त्यांना! राहतील त्या. पेन्शनपर्यंत राहतील. आता चादरी काढा.”

“ऐकलंत ना सिस्टर?”

“सगळ्या वॉर्डाला सांगते,” सिस्टर म्हणाली.

इस्त्रीबाई स्वतः जिन्यावर गेली. मावशी गुडघा चोळत पायऱ्या पुसत होती.

“चल ग. तुझी जागा परत आणलीय.”

मावशीचे डोळे भरले, पण हात थांबेना. “अगं, अर्धा जिना राहिलाय. कुणी घसरलं म्हणजे?”

“मावशी!”

“ओरडू नकोस. दुसरं फडकं आहे बादलीत, घे. दोघी मिळून पटकन उरकू.”

इस्त्रीबाईनं कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि खालच्या पायरीवर बसली. वरून मावशी, खालून ती.