झूम अडकलेला कॅमेरा आणि चंद्रीचा फोटो

मागच्या वेळी या ब्लॉगवर मी लिहिलं होतं की पवनानगर-लोणावळ्याचे फोटो लवकरच टाकीन. ते टाकलेले नाहीत. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी विचारतं. दोघींनी तर तब्येत बरी आहे ना म्हणून फोन केला. प्रत्येकीला वेगळं सांगत बसायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच लिहिते. तब्येत बरी आहे. नवा कॅमेरा निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बिघडला, आणि तो परत करायचा, बदलून घ्यायचा की दुरुस्तीला टाकायचा, यातच सगळी सहल गेली. तिकडे जाणाऱ्यांना रस्त्याची माहिती हवी असेल तर तीही यात सापडेल.

मुळात मी भटकायला निघाले नव्हते. माझी मोठी नणंद, अक्का, पवनानगरच्या पुढे धरणाकाठच्या वस्तीवर एकट्या राहतात. त्यांची शेवटची म्हैस, चंद्री, शनिवारी संध्याकाळी मुळशीकडचा एक गोठेवाला घेऊन जाणार होता. गुडघ्यांमुळे अक्कांना आता वैरण आणणं होत नाही. फोनवर त्यांनी एवढंच मागितलं, "शैला, तिचा नि माझा एक फोटू काड. ह्यांच्या फोटूशेजारी लावायचाय." माझ्या फोनच्या कॅमेऱ्याची काच कधीच तडकली आहे. भिंतीवर लावण्याजोगं त्यातून काही निघत नाही. कॅमेरा घ्यायचा विचार बरेच दिवस चालला होता. तळेगावच्या दुकानातून गुरुवारी घेतला आणि शुक्रवारी निघाले.

आम्ही घोरावाडी स्टेशनजवळ राहतो. तिथून लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचं. सकाळीच निघा, कारण दुपारी या मार्गावर लोकलचा मोठा खंड असतो आणि फलाटावर बसून राहण्यासारखं काही नाही. कामशेतला पवनानगरच्या शेअर जीप मिळतात. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली हे चालक ठरवतो. माझ्या मांडीवर कॅमेऱ्याचं खोकं, पायाशी कुणाच्या तरी कोंबडखाद्याची गोणी. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "खोक्यात मिठाई हाय का?" मी कॅमेरा म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

भातकापणी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धी कापलेली, अर्धी उभी खाचरं, आणि त्यामागे धरणाचं पाणी. तंबूवाल्यांच्या पाट्या गेल्या वेळेपेक्षा वाढल्या आहेत. राहायचं असेल तर आधी फोनवर दर पक्का करा आणि जेवण धरून की सोडून, हेही विचारा. मी अक्कांकडे राहिले, त्यामुळे तंबूंबद्दल अधिक सांगू शकत नाही.

संध्याकाळी मी खोकं उघडलं. बॅटरी चार्ज करून कॅमेरा सुरू केला, तशी लेन्सची नळी बाहेर आली. अक्का हळद-कुंकवाचं तबक घेऊन आल्या. आमच्या घरात नवं काहीही, मग ती मोटार असो की मिक्सर, कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. मी म्हटलं, "थांबा, बंद करते."

"नगं. डोळा उगडा ऱ्हाऊ दे. मिटल्या डोळ्याला कुंकू लावत्यात व्हय?"

त्यांनी कॅमेऱ्याच्या कपाळावर बोट टेकवलं आणि चिमूटभर अक्षता टाकल्या. नव्या इंद्रायणी तांदळाच्या, कुंकवात घोळलेल्या. मी कॅमेरा झटकला, पदराने पुसला, बंद केला. नळी आत गेली. जेवायला बोंबील आणि नाचणीची भाकरी होती. चंद्रीचा फोटो दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन जरा कललं की काढायचा ठरलं.

सकाळ मोकळी होती, आणि ब्लॉगसाठी लोणावळा करून यावं ही माझी हौस. वस्तीवरचं दूध घेऊन सोपानभाऊ रोज पिकअपने दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याला जातात आणि दुपारी परततात. पुढे बसायला जागा मिळाली. या रस्त्याला बसचा भरवसा धरू नका. स्वतःची गाडी असेल तर खिंडीतली वळणं सावकाश घ्या, समोरून येणारे पाहुणे रस्ता आपलाच समजतात.

"चंद्रीचं दूध आज शेवटचं," सोपानभाऊ म्हणाले. "अक्का कवा पानी घालायची न्हाई. मीच घालतो."

"हे मला कशाला सांगता?"

"तुमी माझ्याकडून थोडंच घेता?"

शनिवारचं लोणावळा कसं असतं ते लिहायला नको. चिक्कीच्या दुकानांपुढे गाड्या, गाड्यांपुढे गाड्या. रिक्षावाल्याशी घासाघीस करून टायगर पॉइंटला पोचले तर समोर पांढरं धुकं. ते विरलं तेव्हा दूरच्या कड्यावर झूम नेला. नळी पूर्ण बाहेर आली, आतून दाताखाली खडा आल्यासारखा आवाज झाला, आणि झूम मागे येईना. पडद्यावर कडा इतका जवळ की नुसता दगड दिसत होता. फोटो निघत होता, पण जे काढायचं ते सगळं नाकाशी आणून.

मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. फार चांगलं बोलले नाही. नवी वस्तू म्हणून जुनी गळ्यात मारता का, असंही विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सात दिवसांत बदलून देतो. फक्त एक सांगा, पाणी, माती, काही आत गेलंय का?"

"काहीही गेलेलं नाही," मी म्हटलं, आणि ग्राहक मंचाचं नावही काढलं.

बाजारात एक कॅमेरा दुरुस्तीवाले सापडले. त्यांनी कानाशी धरून ऐकलं आणि उघडायला नकार दिला. उघडला की वॉरंटी गेली. वर म्हणाले, "बंद करू नका. नळी आत गेली नाही तर पुन्हा सुरू होणार नाही." आपोआप बंद होण्याची सोय त्यांनी काढून टाकली आणि पैसे घेतले नाहीत.

आता दोन वाटा होत्या. लोणावळ्याहून सरळ तळेगाव गाठायचं आणि नवा कॅमेरा हातात घ्यायचा. पण तो घेऊन संध्याकाळच्या आत वस्तीवर पोचणं शक्य नव्हतं, आणि टेम्पो चंद्रीला घेऊन गेलेला असता. किंवा हा अर्धा मेलेला कॅमेरा तसाच घेऊन परत फिरायचं. मी एका टपरीवर मिसळ खात विचार केला. मिसळ बेताचीच होती. शेवटी सोपानभाऊंच्या पिकअपमध्ये बसले, सुरू कॅमेरा मांडीवर, नळी पुढे काढलेली. खिंडीतल्या प्रत्येक खड्ड्याला मी तो ओंजळीत उचलून धरत होते. बॅटरीची खूण निम्म्यावर आली होती.

अक्का तयार होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, आणि चंद्रीला धुऊन शिंगांना तेल. चंद्रीच्या कपाळावर पांढरा चांद आहे, त्याखाली कुंकवाचं बोट. दोघी अंगणात उभ्या राहिल्या. मी कॅमेरा त्यांच्यावर रोखला तर पडद्यावर फक्त चंद्रीचा कान.

मी मागे सरले. गोठ्याला टेकले, तरी अक्कांचा खांदा आणि चंद्रीचं नाक, एवढंच. गोठ्याला वळसा घालून खाचरात उतरले. कापलेल्या भाताचे खुंट चपलेतून टोचत होते. बांध ओलांडला. दुसरं खाचर. अक्का ओरडल्या, "अगं कुटं चाललीस? धरनात जाशील."

"हलू नका."

"मी न्हाई हलत. तूच चाललीस."

तिसऱ्या खाचराच्या पलीकडच्या बांधावर चढले तेव्हा कुठे दोघी पडद्यात मावल्या. इतक्या लांबून हात थरथरला तरी फोटो जातो. बांधावर जांभळीचं झाड होतं, त्याच्या खोडाला कोपर टेकवलं आणि श्वास धरला. अक्का एवढ्या लांबून माझ्याकडे बघायच्या थांबल्या होत्या. मी अजून पुढेच चालले आहे असं बहुतेक त्यांना वाटलं. त्या चंद्रीच्या गळ्याखाली खाजवत होत्या आणि तिला काहीतरी सांगत होत्या. चंद्रीने मान त्यांच्या खांद्यावर टाकली होती. तेवढ्यात मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला.

अंगणात परत येऊन बॅटरी काढण्यासाठी कॅमेरा उलटा केला. अक्का डोळे बारीक करून नळीकडे बघत होत्या.

"हे लाल काय गं फटीत?"

मी चष्मा लावला. नळीच्या दोन कड्यांच्या मध्ये कुंकू होतं, आणि कुंकवात पाचरीसारखा बसलेला तांदळाचा दाणा.

अक्कांना कळायला मला लागला तेवढाही वेळ लागला नाही. "म्हंजे माज्यामुळं मोडला?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "तुम्ही अक्षता टाकल्या आणि मी न बघता बंद केला. दोघींनी मिळून मोडला."

"टाचनी आन. काडते."

मी कॅमेरा पाठीमागे लपवला. तेवढ्यात टेम्पो आला. चंद्री फळीवर चढायला तयार नव्हती. अक्कांनी पुढे होऊन तिच्या कानात काही म्हटलं आणि ती चढली. गोठेवाल्याने दावं मागितलं, ते अक्कांनी दिलं नाही. टेम्पो वळणाआड गेल्यावर त्या गोठा झाडायला लागल्या. झाडायला फारसं काही नव्हतं.

रविवारी घरी आले. कार्डातले दोन फोटो आधी संगणकावर घेतले. पहिला हललेला होता. दुसरा नीट आला होता, आणि इतक्या लांबून काढल्यामुळे दोघींच्या मागचं धरणाचं पाणी अगदी जवळ आल्यासारखं दिसत होतं. ह्यांनी कॅमेरा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "कापसाला स्पिरिट लाव, कुंकू पुसून टाक. तो बदलून देतोय ना? विषय संपला."

दोन मिनिटांचं काम होतं. मी दमले होते आणि मला नवा कॅमेरा हवा होता, हेही लिहून ठेवते. कापूस काढलाही. पण पुसायला घेतल्यावर सारखा माझाच फोनवरचा आवाज ऐकू यायला लागला. काहीही गेलेलं नाही, आणि वर ग्राहक मंच. ज्याला आपण लबाड ठरवलं, त्याच्याकडूनच खोटं बोलून वस्तू घ्यायची. शिवाय अक्का त्या कुंकवाचं कारण कुणालाही सरळ सांगतील, त्यात त्यांना काही लपवण्यासारखं वाटत नाही. पुसायचं कुणासाठी, तर माझ्यासाठी. मी कापूस डबीत ठेवून दिला.

सोमवारी दुकानदाराने काउंटरवर नवं खोकं काढूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, "ते आत ठेवा. हा दुरुस्तीला घ्या. आत अक्षता गेली आहे. शनिवारी मला माहीत नव्हतं. पण जे बोलले ते बोलायला नको होतं."

त्याने भिंग लावून पाहिलं. "मॅडम, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी बघितलंही नसतं." मग आपल्या बिलाच्या मशीनकडे हात केला. त्यावर हळद-कुंकवाचं वाळलेलं बोट होतं. "आमच्याकडे पण लावतात. फक्त याला नळी नाही."

वॉरंटीत बसणार नाही, खर्च माझा. पुण्याच्या सेवा केंद्रात जाईल, वेळ लागेल, किती ते त्यालाही ठाऊक नाही. म्हणून या लेखाला फोटो नाहीत. चंद्रीचा फोटो मी इथे टाकणार नाही, तो अक्कांचा आहे. तुम्ही नवा कॅमेरा घेऊन निघालात तर पूजा अवश्य करा, पण डोळा मिटलेला असताना.

पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा कामशेतची जीप धरून अक्कांकडे जाऊन आले. कॅमेऱ्यावाचून. धरणाकडे नुसतं बघत बसले, आणि त्याने काही अडलं नाही.

दिल्या-घेतल्याची नोंद, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको:

दुकानात दिलं ते असं. कॅमेरा, नळी बाहेर अडकलेल्या स्थितीत. बॅटरी, चार्जर, मूळ खोकं, बिलाची प्रत. फटीतलं कुंकू आणि एक तांदूळ, जसेच्या तसे. कार्ड दिलेलं नाही.

अक्कांना दिला तो एक फोटो, मोठा, काचेच्या चौकटीत. चंद्रीच्या चांदावर, काचेवरूनच, त्यांनी माझ्यासमोर कुंकू लावून ताब्यात घेतला.