खालच्या खोलीचे नळ

टेक्सासमधल्या या अर्विंगमध्ये कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलो की एक प्रसंग ठरलेला. बाकी सगळे सॉफ्टवेअरवाले. कोणीतरी विचारतं, "आणि तुम्ही कशात?" मी सांगतो, औषधांच्या कारखान्यांसाठी पाण्याच्या पाइपलाइन डिझाइन करतो. मग एखादी काकू आवाज खाली आणून म्हणते, "आमच्या किचनचं सिंक जरा तुंबतं हो, बघता का?" मी बघतो. बायको म्हणते, वीस वर्षांच्या अनुभवाचं लोकांना कळेल असं एवढंच चीज झालंय.

खरं काम असं आहे. इंजेक्शन बनवायला जे पाणी लागतं, ते ज्या नळ्यांतून फिरतं त्या मी आखतो. स्टेनलेस स्टीलच्या, आतून आरशासारख्या गुळगुळीत, सगळ्या किंचित उतारावर, म्हणजे लाइन रिकामी केली तर आत थेंब उरू नये. पाणी गरम ठेवायचं आणि सतत फिरतं ठेवायचं. थांबलेलं पाणी हाच आमच्या धंद्यातला राक्षस. मुख्य नळीला एखादी फांदी काढली आणि ती वापरलीच नाही, तर तिच्यात पाणी उभं राहतं, आतून बुळबुळीत थर धरतो आणि हळूहळू तो चांगल्या पाण्यातही उतरतो. कितीही धुवा, परत येतो. अशा फांदीला आम्ही डेड लेग म्हणतो.

कारखान्याच्या मालकांना नेमक्या अशाच फांद्या आवडतात. ड्रॉइंगवर ते तिथे लिहून पाठवतात, 'फ्यूचर'. पुढेमागे इथे एक टाकी येईल, तेव्हा आत्ताच तोंड काढून बूच मारून ठेवा. मी लाल पेनाने ते खोडतो आणि मीटिंगमध्ये सांगतो, टाकी येईल तेव्हा बघू, तेव्हा कापून जोडू. ऑफिसातली तरुण मंडळी मला पाठीमागे 'नो फ्यूचर अंकल' म्हणतात. पाठीमागे म्हणजे माझ्या खुर्चीच्या मागे, मला ऐकू येईल इतक्या अंतरावर.

या नो फ्यूचर अंकलने घर घेताना एजंटला एकच अट घातली होती. खाली एक बेडरूम हवी आणि तिला लागून पूर्ण बाथरूम. एजंट म्हणाला, आई-वडिलांसाठी ना? आपल्यातला प्रत्येक जण त्याला हेच सांगत असणार. मी टबात स्टूल ठेवलं, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवला, इंडियन स्टोअरमधून निळी बादली आणि प्लास्टिकचा मग आणला. दांडा मी स्वतः बसवला आणि दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिला. माझं वजन त्याने पेललं, म्हणजे बाकी कोणाची चिंता नको.

एका थंडीत दोघं येऊन राहिले. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी माझी ड्रॉइंग दाखवली. ते म्हणाले, "एवढं शुद्ध पाणी? यात मासा जगेल का?"

"बाबा, यात जंतूही जगत नाही."

"मग हे पाणी कशाला म्हणायचं," ते म्हणाले आणि टेक्सासच्या पेपरातली कोडी सोडवायला बसले, जी त्यांना एकही सुटत नसत.

परत जाताना आईने खोलीतल्या चादरी घडी करून ठेवल्या आणि बेसिनपाशी एक नवा साबण कागद न काढता ठेवला. "परत आलो की लागेल." पुढच्या वर्षी बाबा गेले. साबण तसाच राहिला.

तेव्हापासून आईला इकडे आणायचं, एवढाच एक विचार माझ्या डोक्यात होता. तिचं ग्रीन कार्ड झालं. ती यायची तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली. उन्हाळा संपू दे, दिवाळी होऊ दे, लोणचं मुरू दे. आणि रिकाम्या बाथरूमच्या नळांत पाणी उभं. ज्या माणसाला दुसऱ्याच्या कारखान्यातली चार बोटांची फांदी खपत नाही, त्याच्या स्वतःच्या घरात भिंतीआड लांबच लांब डेड लेग. म्हणून दर रविवारी सकाळी मी खाली जाऊन बेसिन आणि शॉवर, दोन्ही नळ गरम पाणी येईपर्यंत वाहू द्यायला लागलो.

बायको म्हणायची, "दर आठवड्याला एवढ्या निष्ठेने देवाची पूजा केली असतीस तर काही तरी पदरात पडलं असतं." मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला शिकते, सुट्टीत आली की दारात उभी राहून सांगायची, "बाबा, यू आर गिव्हिंग अ शॉवर टू नोबडी." मी म्हणायचो, आजीला. ती म्हणायची, "एक्झॅक्टली."

आईला मात्र याची गंमत वाटायची. माझी रविवार सकाळ म्हणजे तिची नागपूरची संध्याकाळ. व्हिडिओवर आली की पहिला प्रश्न, "उघडले का रे माझे नळ?" उघडले, गरम आलं. "मग आता आलीच मी समज." नो फ्यूचर अंकलची गोष्टही तिला सांगितली होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग शेजारणीला, दूधवाल्याला, सगळ्यांना ती सांगत सुटली.

अखेर तिकीट काढलं. निघायच्या थोडे दिवस आधी ती नागपूरच्या बाथरूममध्ये पडली. कमरेचं हाड मोडलं. तिला धरायला हवा होता तो दांडा अर्विंगमध्ये होता, कोरड्या भिंतीवर.

मी गेलो. रजा होती तोवर राहिलो. मला काहीतरी बसवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून तिथल्या बाथरूमलाही दांडा बसवला आणि लोंबकळून पाहिला. आई आता बाथरूममध्ये जात नाही. सांभाळायला ठेवलेल्या एक मावशी दिवसरात्र असतात, त्या तिला पलंगावरच पुसून घेतात. डॉक्टरांनी सांगितलं, विमानाचं नाव काढू नका.

निघण्याच्या दिवशी आई म्हणाली, "ते ग्रीन कार्ड परत करून टाक."

"बरी झालीस की बघू."

"तू त्या मालकांना काय सांगून राहतो रे? टाकी येईल तेव्हा बघू?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. ही टाकी आता येत नाही, बाळा." मग मावशींकडे वळून म्हणाली, "याला चहा द्या, चेहरा बघा कसा झाला. पगार कापल्यासारखा."

मी चहा प्यायलो. साखर जास्त होती, तरी पूर्ण संपवला.

परत आल्यावर बायकोने हळूच विषय काढला. त्या खोलीची लाइन प्लंबरकडून मुळापासूनच कापून घ्यायची का. तिचं बरोबर होतं. नुसतं बूच मारून उपयोग नसतो, फांदी मुख्य नळीपासूनच काढावी लागते, हे मी जन्मभर लोकांना शिकवत आलो. मी म्हटलं, बघतो. हेच उत्तर मला मालकांकडून मिळतं.

मागच्या रविवारी मावशींनी फोन आईच्या उशीला टेकवून दिला. आई बारीक झाली आहे. आवाज तोंडातल्या तोंडात येतो.

"बंद केले ना नळ?"

"केले."

"आमच्याकडं दिवसाआड येतं पाणी. तुमचं आपलं वाहून राहिलं." थोडा दम घेतला. "मग हा आवाज कशाचा?"

मी शॉवरपाशी उभा होतो. "भांडी घासतोय."

"तुझ्याकडं भांड्याची मशीन आहे."

"बिघडलीय."

"इंजिनियर," आई म्हणाली. फोन उशीवरून घसरला असावा, कारण पडद्यावर नागपूरचा छताचा पंखा आला आणि तसाच फिरत राहिला. मी दोनदा "आई" म्हणून हाक मारली. लांबून मावशींचा आवाज आला, "झोपल्या हो दादा, राहू द्या."

फोन मी बंद केला नाही. पाणी गरम व्हायला वेळ लागतो, खालची लाइन लांब आहे. ते गरम झालं, आरशावर वाफ धरली. बेसिनपाशी कागदातला साबण वाळून आतल्या आत आक्रसला आहे, कागद सैल पडलाय. मी नळ बंद केला. पंखा फिरतच होता.