वेल्डिंगच्या दुकानातला हुक्का
“आजपासून काडी ओढून ग्यास बघायचा न्हाय,” उमरग्याच्या वेल्डिंगच्या दुकानात उस्ताद ओरडत होते. कार्बाइडच्या टाकीतून ग्यास येतोय का, ते तसं तपासतानाच हैदराबादपर्यंत मशहूर असलेली त्यांची दाढी निम्मी जळाली होती. उरलेली वाचवायची होती. कुणी म्हणालं, नळीपुढं भिरभिरं धरा. मी तिथं शिकाऊ होतो; मी उस्तादांच्या अब्बांचा हुक्का आणला आणि चिलीम काढून नळीच्या मधेच जोडला. ग्यास वाहिला की हुक्का असा गुडगुडायचा, की पार मुरुम गावातले बैल माना वळवायचे. ग्यास थांबला की गप्प. कार्बाइडचा वास आला की मला ती गुडगुड अजून ऐकू येते. त्याच दुपारी अब्बा हुक्का शोधत आले. “तुमचा हुक्का कामाला लागलाय, अब्बा. काढला तर ही पण जाईल,” उस्ताद उरलेली दाढी धरून म्हणाले. अब्बांनी वाकून बराच वेळ गुडगुड ऐकली. “पाणी कमी हाय,” ते म्हणाले.