पेत्राचा चेहरा आणि माझे पाय

डोंबिवलीहून ठाण्याला आगगाडीने जाणं हा शहाण्या माणसाचा मार्ग. मी सायकलने गेलो. शाळेतल्या सायमन सरांचा निरोप आला होता: "शेवटचं चित्र अडलंय, जमलं तर येऊन जा." मी पोटासाठी कॅलेंडरांवरचे देव रंगवतो, महिन्याला चार-पाच सहज हातावेगळे करतो. पण हातात ब्रश दिला तो सरांनी. त्यांनी बोलावल्यावर देवांनाही थांबावं लागतं. "अहो, निदान टोपी तरी घाला," माझी बायको सुमन दारातून ओरडली.

शिळफाट्यापर्यंतचा रस्ता मी वैऱ्यालाही सुचवणार नाही. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली, खडी अजून यायची आहे. फाट्यावर एका आण्यात चहा मिळतो. भजी फार तिखट, पोट नाजूक असेल तर वाटेला जाऊ नका. मुंब्र्याला डोंगराच्या कडेने दमछाक होते, पण कळव्याच्या पुलावर खाडीचा वारा लागला की सगळं माफ. मिठागरांतले पांढरे ढीग उन्हात असे चमकतात की डोळे किलकिले करूनच पाहावं लागतं.

सरांचं कौलारू घर तळ्यापासून जवळच. दारात रेजिनाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी.

"आयलास? नि सायकलीवर? डोकं ठिकाणावर हाय ना तुजं?"

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस, म्हणून मटण नव्हतं. सुक्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. मी दोनदा मागून घेतलं.

लाकडी फळ्यावरचं चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. येशू गुडघ्यांवर बसून शिष्यांचे पाय धुतोय, आणि शिष्य आपल्या मिठागरांवरच्या माणसांसारखे काळेसावळे, उघडे. फक्त एकाच्या मानेवर चेहरा नव्हता. तो पेत्र. गुरूने आपल्या पायाला हात लावावा हे त्याला सहनच झालं नाही, तो नको म्हणाला.

सरांचा एक जुना नेम आहे: बायबलातलं जे स्वतः केलं नाही ते रंगवायचं नाही. क्रूस वाहणारा माणूस काढायचा होता तेव्हा त्यांनी सागाचा वासा खांद्यावर घेऊन तळ्याला फेरी मारली होती. लोक हसले. सर म्हणाले, "हसू दे, त्यालाही हसलेच होते." आता ते शेजाऱ्यांचे पाय धूत होते.

"सगळे मजेत बसतात रे," सर वैतागून म्हणाले. "टांगेवाला म्हणतो, माझ्या घोड्याचेही धुवा. पेत्र मजेत नव्हता."

"मी काढतो की अर्ध्या तासात! आमच्या विश्वामित्राची दाढी थोडी कापली की झाला पेत्र."

सर हसले. पण त्यांचा मोतीबिंदू वाढत होता. गुरुवारी चित्र खाडीपलीकडच्या चॅपलमध्ये लागायचं होतं आणि त्यानंतर ब्रश बंद. "खोटा चेहरा लावण्यापेक्षा जागा कोरी ठेवीन," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी तळ्यावर फिरून आलो तर सरांनी खुर्ची मांडून ठेवली होती. आता आपली पाळी, हे मी ओळखलं. पेत्र म्हणून भुवया कशा ताणाव्यात याची मनात तालीमही केली. सर घंगाळं घेऊन आले, एक हात भिंतीला टेकून कसेबसे खाली बसले, आणि त्यांनी माझा धुळीने माखलेला पाय हातात घेतला. परीक्षेला जाताना मी ज्यांच्या पाया पडायचो ते सर!

मी पाय हिसकला. पाणी सांडलं. "सर, उठा! मला नाही चालायचं हे! उठा म्हणतो ना!" माझा आवाज चिरकला.

सर वर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "रेजिना, कोळसा आण!"

ते तसेच ओल्या जमिनीवर बसून कागदावर रेघा ओढत होते. मला राग येत होता, लाज वाटत होती, रडूही येत होतं. कागद खाली ठेवून सर म्हणाले, "आता दुसरा पाय दे."

"चित्र तर झालं ना, सर?"

"चित्रासाठी धुतोय असं वाटलं तुला?"

मी पाय पुढे केला. त्यांनी बोटांच्या बेचक्यांतून सावकाश धूळ काढली आणि पंच्याने पुसून दिलं. मी पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फळ्यावर पेत्र उभा राहिला. नाक माझंच, थोरलं. "संत झालास रं!" रेजिनाबाई म्हणाल्या. सर मात्र चित्रापासून लांब, डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

परतीला ऊन उतरल्यावर निघा, त्रास कमी होतो. वाटेत मी विचार करत होतो. मी काही ख्रिस्ती झालो नाही, व्हायचाही नाही. पण रामाचे पाय धुणारा केवट मी कॅलेंडरांवर कितीदा रंगवला, आणि उभ्या जन्मात कुणाचे पाय धुतले नाहीत.

घरी पोचलो. सुमनने नेहमीप्रमाणे पायांवर घ्यायला पाणी आणलं. मी तांब्या तिच्या हातातून घेतला आणि खाली बसलो.

"पाय पुढे कर."

"अहो, हे काय भलतंच! उठा आधी, कुणी बघेल!" तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तिचा चेहरा हुबेहूब फळ्यावरच्यासारखा झाला होता.

कागद घ्यायला मी उठलो नाही. पाणी ओतलं.